सुतळीचं माप

कळमन्याच्या बाजारात उजाडण्याआधीच ट्रक आणि मेटॅडोर लागलेले असतात. आंबिया बहाराच्या दिवसांत, म्हणजे ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत, संत्र्याचे ढीग गाड्यांतच असतात आणि लिलावाचा पुकारा सुरू होतो. पलीकडे धान्याचे गाळे, आलू-कांद्याची पोती, मिरचीचा ठसका. नागपूर शहर दिवसभरात जे खातं, त्यातलं बरंचसं पहाटे इथूनच निघतं. आणि इथे सगळं तोललं जातं. काटा काय म्हणतो त्यावर मालाचा भाव.

घरात एखादं तेरा-चौदा वर्षांचं मूल अंगानं सुटायला लागलं की आपण त्यालाही असंच काट्यावर उभं करतो. किती भरलं? ६२? मागच्या महिन्यात ६० होतं! मग भात बंद, रात्रीचं जेवण बंद, आणि आठवड्याभरानं पुन्हा काटा. मुलाच्या बाबतीत हे माप अपुरं आहे, आणि पुष्कळदा दिशाभूल करणारं आहे. त्याहून चांगलं एक माप बाजारात पायाखाली पडलेलं असतं. पोती शिवायची सुतळी.

मुलाला भिंतीला टाच टेकवून उभं करा. टाचेपासून डोक्याच्या टोकापर्यंत सुतळी धरा आणि तेवढी कापा. तिची मधोमध घडी घाला. ही दुपदरी सुतळी पोटाभोवती लावा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडलेला असताना. टोकं जुळली तर कंबर उंचीच्या निम्म्यात आहे. मधे फट राहिली तर पोटावर चरबी साठते आहे, लक्ष द्यायला हवं. ब्रिटनच्या नाइस या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेनं २०२२ मध्ये हेच सूत्र पाच वर्षांपुढच्या मुलांसाठीही सांगितलं: कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी ठेवा. याला ना मशीन लागतं, ना पैसे.

कमरेवर एवढा भर का, याचं उत्तर महाराष्ट्रातूनच जगाला मिळालं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा होता, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिनांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. उंचीच्या हिशेबानं वजनाचा आकडा तोच, आणि आत दुपटीहून जास्त चरबी. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात याज्ञिकांच्या गटाला नवजात बाळांतही हेच दिसलं. बाळं वजनाला हलकी, स्नायू कमी, पण त्या मानानं चरबी टिकवून ठेवलेली. म्हणून आपल्याकडचं मूल डोळ्यांना ‘जरासं भरलेलं’ दिसतं, तेव्हा आतली गोष्ट पुढे गेलेली असू शकते.

हे ओळखून भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांसाठी वाढीचे नवे तक्ते काढले. त्यामागे पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि त्यांचे सहकारी होते. मोठ्यांच्या २५ आणि ३० या आंतरराष्ट्रीय रेषांऐवजी या तक्त्यांत २३ आणि २७ शी जुळणाऱ्या रेषा धरल्या आहेत, वयागणिक वेगळ्या, मुलगा आणि मुलगी वेगळ्या. चौदा वर्षांच्या पोराला मोठ्या माणसाचा बीएमआयचा आकडा लावून ‘बसतंय की’ म्हणणं चूक, ते यासाठीच.

या वयाचं वेगळेपण आणखी एका हिशेबानं कळतं. समजा बारा वर्षांचं मूल १५० सेंटिमीटर उंच आणि ५२ किलो आहे. बीएमआय २३.१. ते वाढून १५८ सेंटिमीटर झालं आणि वजन ५२ वरच राहिलं, तर तोच आकडा २०.८ वर येतो. एक किलोही न घटवता! वाढत्या वयात उंची आपल्या बाजूनं काम करत असते. तेव्हा ज्या मुलांची उंची अजून वाढायची आहे, त्यांतल्या अनेकांच्या बाबतीत वजन उतरवणं हे ध्येयच नसतं, ते थोपवून धरणं पुरतं. आणि नेमक्या याच वर्षांत आपण त्यांना उपाशी ठेवतो.

उपाशी ठेवण्यातला धोका आपल्या देशाच्या आकड्यांत स्पष्ट आहे. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातली २४ टक्के मुलं वयाच्या मानानं बारीक निघाली, आणि ५ टक्के जास्त वजनाची. त्याच सर्वेक्षणात २८ टक्के किशोरवयीनांत रक्तक्षय होता, मुलींत तर ४० टक्के. दहातल्या एकाची साखर मधुमेहाच्या उंबरठ्याजवळ होती. अंगानं भरलेली मुलगी रक्तानं मात्र कमी, हे चित्र आपल्याकडे दुर्मीळ नाही. तिचं वरण आणि उसळ काढून घेऊन तिला काकडीवर ठेवणं हा उपचार नाही, ते नुकसान आहे. आणि पाच टक्क्यांना लहान समजू नका. लॅन्सेटनं २०२४ मध्ये छापलेल्या जागतिक अंदाजानुसार भारतात ५ ते १९ वयाची सुमारे सव्वा कोटी मुलं २०२२ मध्ये लठ्ठ या गटात होती. १९९० मध्ये हा आकडा सुमारे चार लाख होता.

मग करायचं काय? इथे बहुतेक घरांची वाट एका कागदावर येऊन थांबते. ‘डाएट चार्ट’. सकाळी अमुक, अकरा वाजता तमुक, संध्याकाळी दोन बदाम. तो फ्रिजवर लागतो, पंधरा दिवसांत त्याला पिवळे डाग पडतात आणि महिन्यानं तो हरवतो. दोष मुलाच्या माथी येतो, ‘याच्याच्यानं होत नाही’. पण कागद म्हणजे कार्यक्रम नव्हे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं जानेवारी २०२३ मध्ये सगळा पुरावा चाळून सांगितलं की उपयोग होतो तो किमान २६ तासांच्या प्रत्यक्ष सहवासाचा. मूल आणि घरचे एकत्र, तीन महिन्यांपासून वर्षभराच्या अवधीत. सव्वीस तास ऐकायला अशक्य वाटतात. आपल्या ओपीडीत डॉक्टरांना एका मुलासाठी सव्वीस मिनिटं मिळत नाहीत. पण वर्षाच्या ५२ आठवड्यांत वाटून पाहा, आठवड्याला अर्धा तास येतो. एवढा वेळ एखादी शाळा, एखादं मंडळ, मोहल्ल्यातली एखादी व्यायामशाळा देऊ शकते. मला या सगळ्या विषयात सर्वांत आशेची वाटते ती ही गोष्ट.

‘घरचे एकत्र’ हे दोन शब्द त्यात महत्त्वाचे. अमेरिकेतल्या लेनर्ड एपस्टाइन यांनी ६ ते १२ वर्षांच्या लठ्ठ मुलांच्या कुटुंबांवर काम केलं आणि १९९० मध्ये दहा वर्षांनंतरचा हिशेब मांडला. ज्या घरांत मूल आणि आई किंवा वडील, दोघांनीही सवयी बदलायचं ठरवलं होतं, तिथल्या मुलांचं जादा वजनाचं प्रमाण दहा वर्षांनीही सुरुवातीपेक्षा सुमारे साडेसात टक्क्यांनी कमी होतं. तुलनेच्या गटात ते चौदा टक्क्यांनी वाढलं होतं. दहा वर्षं टिकलेला परिणाम ही या क्षेत्रात फार मोठी गोष्ट आहे. मुलाच्या ताटात फुलका आणि बाबांच्या ताटात भजी, असं ज्या घरात चालतं तिथे मूल शिकतं ते एवढंच की त्याला शिक्षा झाली आहे.

अपेक्षा मात्र रास्त ठेवाव्या लागतात. १२ ते १७ वर्षांच्या मुलांवरचे आहार, व्यायाम आणि सवयींच्या कार्यक्रमांचे ४४ अभ्यास कॉक्रेन या संस्थेनं २०१७ मध्ये एकत्र तपासले. मुलं ४,७८१. कार्यक्रमातल्या मुलांचं वजन तुलनेतल्या मुलांपेक्षा सरासरी पावणेचार किलोंच्या आसपास कमी राहिलं, बीएमआय सव्वाच्या जवळपास. पुराव्याचा दर्जा फार भक्कम नाही हेही त्यांनी लिहिलं. ‘तीन महिन्यांत पंधरा किलो’ अशी पाटी लावणाऱ्यांकडे जाण्याआधी हे आकडे आठवावेत.

आणि आता पुण्यातला एक प्रयोग, जो मला वाटतं प्रत्येक मुख्याध्यापकानं वाचायला हवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र आणि सिम्बायोसिस यांनी मिळून, डॉ. शीला भावे यांच्या पुढाकारानं, शाळेत पाच वर्षं एक कार्यक्रम चालवला. मुलं सुरुवातीला ७ ते १० वर्षांची होती, संपताना किशोरवयात आलेली. शाळेच्या वेळात आणि वेळेबाहेरही जास्तीचा व्यायाम, खाण्याविषयी शिकवणं, पालकांना सोबत घेणं. पाच वर्षांनी ही मुलं धावण्यात, लांब उडीत, सिट-अप आणि जोरांत तुलनेतल्या मुलांपेक्षा सरस निघाली. ती बसून कमी राहत होती, जास्त खेळत होती, फळं जास्त वेळा खात होती. पण बीएमआय? तो कमी झाला नाही. लठ्ठ मुलांचं प्रमाणही घटलं नाही. कमरेचा घेर तेवढा तुलनेतल्या मुलांपेक्षा कमी भरला.

काट्यानं पाहणारा म्हणेल, पाच वर्षं वाया गेली. मी उलट म्हणेन. ज्या मुलांचा दम वाढला, पाय मजबूत झाले आणि पोट आटोक्यात राहिलं, त्यांचं हृदय आणि त्यांची साखर पुढच्या आयुष्यात याच गोष्टींवर चालणार आहे. स्नायूलाही वजन असतं. जे बदललं ते काट्याला दिसलं नाही, सुतळीला दिसलं.

व्यायामाचा प्रकार कोणता, यावर एक छान अभ्यास कॅनडातल्या ओटावाचा आहे, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला. १४ ते १८ वर्षांची ३०४ मुलं-मुली, २२ आठवडे. सगळ्यांना आहाराचा सल्ला सारखाच. एका गटाला नुसता सल्ला, दुसऱ्याला चालणं-धावणं-सायकल, तिसऱ्याला वजनं उचलण्याचा व्यायाम, चौथ्याला दोन्ही. शरीरातल्या चरबीचं प्रमाण नुसत्या सल्ल्यानं ०.३ टक्का घटलं, धावण्यानं १.१, वजनं उचलण्यानं १.६, दोन्हींनी १.४. जड अंगाच्या मुलाला धावायला लावलं की ते सगळ्यांच्या मागे पडतं, दमतं, लाजतं आणि दुसऱ्या दिवशी येत नाही. ताकदीच्या व्यायामात मात्र तेच मूल पुढे असतं. सुरुवात तिथून करावी. जोर, बैठका, दोरी ओढणं, प्रशिक्षकाच्या नजरेखाली हलकी वजनं. ‘वजन उचललं की उंची खुंटते’ ही भीती अजून घरोघरी आहे. नीट शिकवून, हळूहळू वाढवत केलेल्या व्यायामानं उंची खुंटत नाही. पण बाजारात पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेणं हा व्यायाम नव्हे. ते ओझं आहे, आणि वाढत्या मणक्याला त्याच्यापासून दूरच ठेवायला हवं.

विदर्भाला हे शिकायला लांब जायची गरज नाही. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या चमूनं जगासमोर आपले देशी खेळ करून दाखवले होते. आट्यापाट्या हा तर आपल्या भागाचा जीव की प्राण असलेला खेळ. पळायचं, थांबायचं, हुलकावणी द्यायची, पुन्हा पळायचं. आजकाल ज्याला मोठ्या नावानं ‘इंटरव्हल ट्रेनिंग’ म्हणतात, ते यात आपोआप होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये ५ ते १७ वर्षांसाठी सांगितलेलं माप रोज सरासरी तासभर दम लागेल अशी हालचाल, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू-हाडांना ताण देणारा व्यायाम, एवढंच आहे. २०१६ च्या जागतिक आकडेवारीत ११ ते १७ वर्षांची ८१ टक्के मुलं यात नापास होती, मुली ८५ टक्के.

मुलींचं कारण आपल्याला माहीत आहे. पाळी सुरू झाली की मैदान संपतं. मुलगी शाळेतून क्लासला आणि क्लासमधून घरी, रस्त्यावर ट्रकची वर्दळ, अंधार. कळमना, पारडी, डिप्टी सिग्नल अशा वस्त्यांत जिथे गल्लीत सायकल काढायला जागा नाही, तिथे ‘मुलांनी व्यायाम करावा’ म्हणणं सोपं आहे. शाळांची मैदानं संध्याकाळी उघडी ठेवून, एक ताई देखरेखीला बसवून, मुलींसाठी राखीव तास ठेवला तर फरक पडेल. हे काम घरांचं नाही, शाळांचं आणि महापालिकेचं आहे, आणि ते मागितलं पाहिजे. नागपूरचा मे महिना ४५ अंशांना भिडतो, तेव्हा उन्हाळ्यात हा तास पहाटे सहाचाच ठेवावा लागेल.

बाजारातल्या बापाचा एक समज असतो, ‘आम्ही दिवसभर राबतो, आमच्या घरी कुठून येतो लठ्ठपणा?’ वडिलांनी दिवसभर माल चढवला, घाम त्यांचा गेला. मुलगा शाळा, व्हॅन, क्लास आणि मोबाइल यांत दिवसभर बसून आहे. घरात तूप-तेल मात्र कष्टाच्या अंगाचंच चालू आहे.

जेवणाचं बोलायचं तर नागपुरात तर्रीपोह्याला शिव्या देऊन कुणी ऐकणार नाही, आणि द्यायचीही गरज नाही. त्यातले चणे उत्तम आहेत. कळीचा प्रश्न वर तरंगणाऱ्या तवंगाचा. पाच ग्रॅमचा एक चमचा तेल म्हणजे ४५ कॅलरी, आणि तर्रीत ते चमच्यानं मोजून पडत नाही. चणे वाढवा, पोहे थोडे कमी, तवंग बाजूला काढा, वरून कांदा आणि लिंबू. चण्यातलं लोह अंगी लागायला लिंबातलं क जीवनसत्त्व मदत करतं, रक्त कमी असलेल्या मुलीला हीच तर गरज आहे. सांबारवडी, साओजी रस्सा, आलूबोंडा यांना सणाचा मान द्या. रोज शाळेतून येताना नको.

तेलापेक्षाही गुपचूप शिरते ती साखर. कोल्ड्रिंकच्या पाव लिटर बाटलीत साधारण २५ ते २७ ग्रॅम साखर असते, पाच चमच्यांहून थोडी जास्तच. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते, जमल्यास ५ टक्के. दोन हजार कॅलरींच्या हिशेबानं ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. एका बाटलीत दिवस संपला. सीबीएसईनं मे २०२५ मध्ये शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले ते याच कारणानं. त्याच वर्षी केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं कार्यालयांत तेल-साखरेचे फलक सुचवले आणि नागपूरच्या एम्सचं नाव घेऊन ‘समोसा-जिलेबीवर इशारा’ अशा बातम्या सुटल्या. विशिष्ट पदार्थांवर इशारा नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. गलक्यात मूळ गोष्ट हरवली. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल-साखर-मिठाचे पदार्थ विकू नयेत असा केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०२० पासून आहे, आणि आपल्या शाळेबाहेर तो पाळला जातो का, हे पालक उद्या सकाळी स्वतः पावलं मोजून पाहू शकतात.

आणि संत्रं. एक संत्रं सोलून खाल्लं तर साठेक कॅलरी, सोबत चोथा, चावायला वेळ, पोट भरल्याची जाणीव. रसाच्या एका ग्लासात तीन-चार संत्री जातात, चोथा गाळणीत राहतो, आणि प्यायला अर्धं मिनिट. कळमन्याच्या आसपास राहणाऱ्यांनी रस काढणं बंद करावं, एवढंच मी सांगेन. चार-पाच घरांनी मिळून ठोक भावात एक करेट घेतलं आणि वाटणी केली, तर बिस्किटांच्या पुड्यापेक्षा ते महाग पडत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं दाखवलेल्या ताटात निम्मी जागा भाज्या आणि फळांची आहे. ज्या वस्तीच्या दारातून शहराची भाजी जाते, तिथल्या ताटांत ती निम्मी जागा भरलेली असावी.

झोपेचं कुणी विचारत नाही. १३ ते १८ वर्षांना आठ ते दहा तास लागतात. रात्री बारापर्यंत मोबाइल आणि सकाळी सहाला क्लास असलेल्या मुलाची भूक दुसऱ्या दिवशी बिघडलेली असते, मग चार्ट कितीही चांगला असो.

काही खुणा दिसल्या तर मात्र डॉक्टर गाठायलाच हवा. मानेवर किंवा काखेत काळपट, मखमलीसारखी जाड कातडी दिसते. आई ती मळ समजून दगडानं घासते, मूल रडतं, डाग जात नाही. तो मळ नसतो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झाल्याची ती खूण असते. मुलीची पाळी महिनोन्महिने चुकणं, झोपेत जोरात घोरणं, वारंवार डोकं दुखणं, हेही दाखवावं. पालक आधी थायरॉइडला धरतात. पण मुलाची उंची व्यवस्थित वाढत असेल तर ग्रंथींचा आजार हे कारण क्वचितच निघतं. अमेरिकेत डिसेंबर २०२२ पासून १२ वर्षांपुढच्या लठ्ठ मुलांसाठी सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनला मान्यता आहे, पण तीही तज्ज्ञाच्या हातून आणि आहार-व्यायामाच्या सोबतीनं. शाळेत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक, सरकारी रुग्णालयातलं किशोरवयीनांचं मैत्री क्लिनिक, जवळचं मेयो रुग्णालय, लांब पडलं तरी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, अशी फुकटात किंवा थोडक्यात सुरुवात करण्याची दारं नागपुरात आहेत.

‘मोटू’, ‘ढोली’ म्हणणं आजच थांबवता येतं. चिडवल्यानं मूल बारीक होत नाही, लपून खायला लागतं. घरातल्या आजीपासून शाळेतल्या सरांपर्यंत सगळ्यांना हे सांगावं लागतं, आणि सांगताना मुलासमोर नाही, मुलाच्या मागे.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी पहिल्या महिन्याचं एवढंच. पहिल्या रविवारी घरातल्या सगळ्यांच्या उंचीच्या सुतळ्या कापा, आई-बाबांच्याही, आणि प्रत्येकीला नावाची चिठ्ठी बांधून खिळ्याला अडकवा. घरातून कोल्ड्रिंक बाहेर. आठवड्यातून तीन संध्याकाळी बैठका, जोर आणि आट्यापाट्या, बाकी दिवशी भरभर चालणं, निदान एक मोठं माणूस सोबत. रविवारी अर्धा तास सगळे बसून बोला, काय जमलं, काय नाही. वजन या महिन्यात करू नका. मुलाची उंची वाढते आहे, तेव्हा दर तीन महिन्यांनी त्याची सुतळी नवी कापावी लागेल, जुनीपेक्षा थोडी लांब.